सव्वा मूठ गहू, चुलीतली आगारी आणि ग्रहणाचं दान

वेदांचे नियम म्हटलं की डोळ्यांपुढे पोथी, पळी-पंचपात्री आणि गुरुजी उभे राहतात. पण खुद्द जुने सूत्रकार काय सांगतात? गावात विचारा! आश्वलायन गृह्यसूत्र लग्नविधी सांगायला घेतं तेच मुळी असं म्हणत, की मुलखामुलखाच्या आणि गावोगावच्या रीती नाना तऱ्हेच्या असतात, लग्नात त्या पाळाव्यात. आपस्तंब धर्मसूत्र त्याहून पुढे जातं. जे सूत्रात आलं नाही ते बायकांकडून आणि सगळ्या वर्णांच्या लोकांकडून शिकावं, हे काही आचार्यांचं मत त्याच्या शेवटी नोंदलेलं आहे. ‘आपल्यात असंच करतात’ या आजीच्या वाक्याला एवढा जुना आधार आहे! तो घेऊन जळगाव-धुळ्याकडे पाहिलं की घरोघर नियमच नियम दिसतात, आणि तेही मोजूनमापून.

सगळ्यात चोख माप कानबाईचं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी ही खान्देशची लाडकी देवी घरी बसते. नारळ हीच देवी. तिला साडी-दागिन्यांनी सजवायचं, रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर निरोप. पण खरा नियम आहे तो रोटांचा. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे आणि त्याचे रोट करायचे. सोबत पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. हे रोट भाऊबंदांतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. घराघरात थोडा फरक असतो, पण मोजमाप सुटत नाही.

आता हे श्रौत यज्ञाशेजारी ठेवून पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या इष्टीत पुरोडाशासाठी, म्हणजे आहुतीच्या भाकरीसाठी, धान्य घेतात तेही मुठीनेच: एका देवतेसाठी चार मुठी, तीन मंत्र म्हणून आणि चौथी मुकाट्याने. उरलेलं हविष्य खायचं यजमानाने आणि ऋत्विजांनी. कानबाई त्या इष्टीतून आली असं कुणी म्हणणार नाही. तिचा उगम लोकांच्या श्रद्धेत आहे. पण धान्य मुठीने मोजावं आणि प्रसादाचा हक्क कुणाचा ते आधी ठरवावं, ही शिस्त दोन्हीकडे सारखी आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अग्नीची पाळी. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर (खरबूज), सोबत आंबे आणि सांजोऱ्या. उंबऱ्यावर एकेका पितराचं नाव घेत कुंकवाचं बोट ओढायचं. मग चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि जेवणातला घास टाकायचा, हीच आगारी. देवांचं आणि पितरांचं अन्न अग्नी पोचवतो, ही ऋग्वेदाइतकी जुनी समजूत. इथे तिला वेदी लागत नाही, चूल पुरते.

आखाजीच्या ताटात आमरस मात्र हवाच! आणि तो दरवर्षी मिळतो कारण पंचांगात अधिक महिना आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना वाढवला नसता, तर आखाजी आंब्याच्या मोसमातून केव्हाच निसटली असती.

असं पंचांगाचं गणित शिकवणाऱ्यांचा पत्ताही खान्देशातच लागतो. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा शिलालेख गणिती भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत सांगतो. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता (योगी चांगदेव वेगळे). आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने इथे मठ काढला. त्या मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने दान दिलं ते १२०७ साली, श्रावणातल्या पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाला. ग्रहणात दान करावं हा शास्त्राचा नियम, आणि दान मिळालं ग्रहणाचं गणित शिकवणाऱ्यांनाच! लेखाचा शेवट त्या काळच्या मराठीत आहे. बाजारातल्या मालावर मठाचा वाटा किती, ते त्यात नेमून दिलंय. वेद यज्ञासाठी, यज्ञ काळावर अवलंबून, म्हणून ज्योतिष हा वेदाचा डोळा, असं भास्कराचार्य सिद्धान्तशिरोमणीत म्हणतात. डॉ. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. खान्देशातल्या प्रत्येक शाळेची सहल इथे यायला हवी.

धुळ्यात नियम अक्षरांचे आहेत. शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि रामदासी हस्तलिखितं गावोगावहून गोळा केली. तिथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हातची वाल्मीकि रामायणाची प्रत जपलेली आहे. त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनाचाच: वाटोळं अक्षर, काळी शाई, सारखं अंतर, पहिलं अक्षर तसंच शेवटचं.

जळगावात नियम चाकांचा. कार्तिकी एकादशीला तिथे श्रीरामाचा रथ निघतो. १८७२ साली अप्पा महाराजांनी सुरू केलेली ही परंपरा. अवजड रथ वळवायचा आणि थांबवायचा तो चाकाला मोगरी लावून. ते काम अनुभवी हातांचंच.

देव जागे झाले, चातुर्मास सरला, तरी वांग्याची सुटका लगेच होत नाही. आषाढातल्या कांदेनवमीला कांदा-लसणासोबत ताटातून गेलेलं वांगं खंडोबा कुलदैवत असलेल्या घरांत परततं ते चंपाषष्ठीला, म्हणजे आणखी पंचवीस तिथींनी, भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातून. तोवर थंडी पडलेली असते आणि जळगावचं हिरवट पांढरं, जीआय मानांकन मिळवलेलं भरिताचं वांगं शेतात ऐन भरात आलेलं असतं. मग कपाशीच्या काड्यांवर ते भाजायचं, हिरवी मिरची-लसूण ठेचून घालायचा, आणि पहिला घास खंडोबाला.