जॅक उचलतो, पेलते ती घोडी

शेतकऱ्याच्या दारात पूर्वी बैलगाडी असे. चाक काढून वंगण घालायचे झाले की गाडी रिकामी करावी, दोघा गड्यांनी खांदा द्यावा आणि आसाखाली लाकडाचा टेकू सरकवावा. तेवढ्यावर काम भागत असे. आता त्याच दारात ट्रॅक्टर आहे, ट्रॉली आहे, कित्येक घरी जीप नाहीतर लहान मोटारही आहे. टेकू देण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही. दोन विटा, एखादा चपटा दगड आणि गाडीबरोबर आलेला जॅक, एवढ्या भांडवलावर आपला माणूस गाडीखाली उताणा शिरतो. लहान मोटारीचे वजन आठशे ते हजार किलो, जीपचे दीड हजाराच्या वर, आणि ट्रॅक्टरचे दोन टनांच्या आसपास. हे वजन एक वीत जरी खाली आले, तरी छातीचा पिंजरा राहत नाही.

म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगतो. जॅक हा वजन उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. धरून ठेवण्याचे काम घोडीचे. ज्या वस्तूला जॅकखेरीज दुसरा आधार नाही, तिच्याखाली हातसुद्धा घालू नये.

असे का, हे समजून घेण्यासारखे आहे. तेलाच्या जॅकमध्ये दोन दट्टे असतात, एक लहान आणि एक मोठा. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हा नियम पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडला. त्या आधाराने न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन या कारागिराने १८५१ साली हलवता येणाऱ्या तेलाच्या जॅकचे पेटंट घेतले. मोठ्या दट्ट्याचे तोंड लहानाच्या वीसपट असेल, तर लहानावर दिलेला एक किलोचा जोर मोठ्यावर वीस किलो होऊन उमटतो. पोरसवदा गडी ट्रॅक्टर उचलतो तो यामुळे. पण हे सगळे वजन शेवटी एका रबरी वॉशरवर आणि एका लहानशा गोळीच्या झडपेवर तोललेले असते. वॉशर झिजला, झडपेत कचऱ्याचा कण अडकला, की तेल मागे सरते आणि गाडी बसते. कधी हळूहळू बसते, कधी एकदम.

आट्यांचा जॅक गळत नाही, हे खरे. पण त्याचा पाया लहान असतो आणि तो कलंडतो. गाडीची एक बाजू वर जाते तेव्हा ती सरळ उभी वर जात नाही, थोडी गोलाईत जाते. त्या हिशेबाने जॅकही तिरका होत जातो. डिकीतला कैचीसारखा जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरता दिलेला आहे, त्यावर घरची दुरुस्ती करू नये.

कोणता जॅक घ्यावा?

हे आपल्या शेडच्या जमिनीवर ठरते, दुकानदाराच्या शिफारशीवर नाही. चाके असलेला लांबट ट्रॉली जॅक शहरातल्या गॅरेजमध्ये झकास चालतो. लहान मोटार जमिनीला टेकलेली असते, तिच्याखाली तोच जातो. पण त्याचा हात गोलाईत वर जातो, म्हणून गाडी उचलताना जॅकला आपल्या चाकांवर थोडे पुढे सरकावे लागते. शेणाने सारवलेल्या किंवा मुरमाच्या जमिनीत ती लोखंडी चाके रुततात. मग जॅक सरकत नाही, त्याची वाटी गाडीखालून सरकते. हा जॅक घ्यायचा तर आधी कोबा करून घ्यावा.

मातीच्या जमिनीवर उभा बाटलीसारखा तेलाचा जॅक बरा, पण त्याच्याखाली फळी हवीच. हिशेब सोपा आहे. जॅकचा पाया दहा सेंटिमीटर लांब आणि दहा रुंद असेल आणि वर हजार किलो भार असेल, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहा किलो दाब येतो. तोच जॅक दीड फूट चौरस फळीवर ठेवला, तर दाब अर्ध्या किलोवर येतो. फळी दोन इंचांहून पातळ नको, सागाची वा बाभळीची असावी, तडकलेली नसावी. पावसाळ्यात काळ्या जमिनीवर मात्र फळी घालूनही गाडी उचलू नये. ट्रॅक्टर अडला तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून टणक जागी आणावा.

ताकदीचे म्हणाल, तर मोटारीला दोन टनांचा, जीपला तीन टनांचा, ट्रॅक्टरला निदान पाच टनांचा जॅक असावा. भरलेली ट्रॉली ही वेगळी गोष्ट आहे. उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या एकेका बाजूवर कित्येक टन भार असतो. शक्य असेल तर माल उतरवावा, नसेल तर दहा टनांचा जॅक आसाखाली लावावा आणि ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवावी. सोडलेली दोन चाकी ट्रॉली पुढे-मागे डोलते.

घोडी घेताना

घोडी म्हणजे तीन किंवा चार पायांचा लोखंडी आधार. तिला उंची कमीजास्त करण्याची सोय असते. काहींत दाते असतात आणि त्यात खटका अडकतो, काहींत आरपार भोके असून जाड पिन घालतात. माझ्या मते शेतावर पिनेची घोडी बरी. पिन बसली की नाही हे डोळ्यांना दिसते, दात्यात माती गेली की खटका अर्धवट बसतो. अमेरिकेत २०२० साली एका मोठ्या दुकानसाखळीने विकलेल्या लाखो घोड्या परत मागवाव्या लागल्या, त्या याच दोषापायी. खटका दात्यांत पुरता बसत नव्हता आणि धक्का लागताच घोडी खाली येत होती. घोड्या नेहमी जोडीने घ्याव्यात. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेण्याचा मोह होतो, पण त्यात किती भार पेलेल हे कोणी तपासलेले नसते. तिथे काटकसर नको.

वीट तर अजिबात वापरू नये. वीट आणि सिमेंटचा पोकळ ठोकळा आधी न सांगता फुटतो. लाकूड निदान करकरते, दबते, इशारा देते. घोडी नसेल तर लाकडाचे चौरस ओंडके दोन आडवे, त्यावर दोन उभे अशी चौकट रचावी. तिची उंची ओंडक्याच्या लांबीहून जास्त होऊ देऊ नये.

उचलण्याचा क्रम

गाडी सपाट जागी घ्यावी, गियरमध्ये टाकावी, हँडब्रेक ओढावा. पण एवढ्यावर विसंबू नये. हँडब्रेक बहुतेक मोटारींत फक्त मागच्या चाकांना लागतो, म्हणजे मागची दोन्ही चाके उचलली की पुढची मोकळी. गियरचेही तसेच. ज्या गाडीचा जोर मागच्या चाकांवर आहे तिचे एक मागचे चाक उचलले, की ते हवेत मोकळे फिरते आणि जमिनीवरचे दुसरे चाकही सुटते. म्हणून जे टोक जमिनीवर राहणार, त्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी ठोकून अटकण करावी. गोल धोंडा लावू नये, तो चाकाबरोबर गडगडतो.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्यावेत. उचललेल्या गाडीवर पान्याला लाथ मारून नट सोडवणे म्हणजे ती आपल्या हाताने पाडणे. जीपला जॅक चॅसीला किंवा आसाला लावावा. लहान मोटारीला वेगळी चॅसी नसते. तिच्या दाराखालच्या पट्टीत पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे खुणा केलेल्या असतात, तिथेच जॅक आणि घोडी लावायची. तेलाच्या टाकीला, सायलेन्सरला किंवा पत्र्याला टेकू देऊ नये.

गाडी उचलली, घोडी लावली, की जॅक हळूच सोडून भार घोडीवर घ्यावा. मग गाडीला दोन्ही हातांनी चांगला हिसका द्यावा. ती पडायचीच असेल तर खाली कोणी नसताना पडू द्यावी. काढलेले चाक भिंतीला टेकवून न ठेवता गाडीखाली आडवे सरकवावे. सगळे आधार गेले तरी चाकाच्या जाडीएवढी जागा जीव वाचवायला पुरते.

ट्रॅक्टरचे दोन विशेष

ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका खिळीवर झुलता असतो, म्हणूनच तो खाचखळग्यांतून चालतो. पण मागची बाजू उचलली की हाच गुण घातक होतो. पुढची दोन्ही चाके जमिनीवर असूनही ट्रॅक्टरचे धड त्या खिळीवर कुशीला कलते. म्हणून जॅक लावण्याआधी पुढचा आस आणि त्यावरचा बिडाचा आधार यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट ठोकाव्यात. मागच्या टायरमध्ये पाणी भरलेले असेल तर दीडशे-दोनशे किलोची भर पडते. असे चाक एकट्याने काढायला जाऊ नये.

दुसरा विशेष हायड्रॉलिकचा. रोटाव्हेटर वर उचलून धरायचा आणि त्याखाली बसून पाती बदलायची, ही पद्धत गावोगाव दिसते. तो रोटाव्हेटरही तेलावरच लटकलेला आहे. ट्रॅक्टर बंद केला तरी तो हळूहळू उतरतो, आणि सीटवर चढलेल्या पोराचा हात दांड्याला लागला तर क्षणात उतरतो. पाती बदलताना इंजिन बंद, किल्ली स्वतःच्या खिशात आणि रोटाव्हेटरखाली ओंडक्यांची चौकट हवी. उलटणाऱ्या ट्रॉलीचा हौदा उचललेला असतानाही तेच. नळी फुटली तर हौदा सावकाश येत नाही. खाली वाकायचेच असेल तर हौदा रिकामा करून भक्कम लोखंडी टेकू द्यावा.

हलती लिफ्ट

अलीकडे घरच्या शेडमध्ये ठेवता येईल अशी, चाकांवर ढकलत नेण्याजोगी विजेची लिफ्ट मिळते. बहुतेक कैचीच्या आकाराच्या असतात आणि मोटार सुमारे तीन फूट उचलतात. बसून काम करता येते, कंबर वाचते. पण ही लिफ्ट म्हणजे मोठा जॅकच आहे. तिच्यातही तेलच वजन उचलते. तिच्या पायात लोखंडी खटक्याचे कुलूप असते, ती तिची घोडी. लिफ्ट हवी तेवढी वर नेल्यावर थोडी खाली घेऊन भार त्या खटक्यावर बसवावा आणि दोन्ही बाजूंचे खटके बसल्याचे पाहूनच खाली जावे. कुलूप नसलेली लिफ्ट स्वस्त मिळाली तरी घरी आणू नये.

तिला निदान चार-पाच इंच जाडीचे, सपाट, नीट पाणी मारून मुरवलेले काँक्रीट लागते. मुरमावर बसवलेली शहाबादी फरशी चालत नाही, ती भाराखाली तडकते. पत्र्याची उंची मोजावी. जीप सहा फुटांची, वर तीन फूट उचल, म्हणजे नऊ फुटांवर पत्रा असेल तर टप आपटणारच. मोटर किती फेजवर चालते आणि वीज गेल्यावर गाडी हाताने उतरवण्याची झडप कुठे आहे, हे घेण्याआधी विचारावे. अर्थिंगशिवाय ती चालवू नये. गाडी एक वीत उचलून थांबावे, हलवून पाहावे, मगच पुढे न्यावी. इंजिनासारखा जड भाग काढला की तोल दुसरीकडे जातो, तेव्हा ते काम लिफ्टवर टाळावे. मोटारीच्या लिफ्टवर ट्रॅक्टर चढवू नये. एका घराला एका गाडीसाठी ही खरेदी परवडत नाही, असे मला वाटते. गावात कोणी तरुण गॅरेज काढत असेल किंवा चार-पाच घरे मिळून घेत असतील तर गोष्ट निराळी. पण मग ती कोणी वापरायची आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे आधी ठरवावे.

घरातल्या माणसांसाठी

गाडीखाली काम चालू असताना हाकेच्या अंतरावर दुसरे माणूस असावे. शेतावर ते दुसरे माणूस बहुधा बायको, आई नाहीतर शाळेतून आलेला मुलगा असतो. म्हणून जॅक कसा चालवायचा हे त्यांना आधी दाखवून ठेवावे. बाजूचा स्क्रू आवळून दांडा मारला की गाडी वर जाते आणि स्क्रू सैल केला की खाली येते. घाबरलेल्या माणसाकडून नेमके उलटे फिरवले जाते, म्हणून त्यांच्या हाताने दोन-तीनदा करून घ्यावे. दुसरा जॅक आणि फळी जवळच ठेवावी. कोणी दबलाच तर बिघडलेल्या जॅकशी झटू नये, दुसरा जॅक लावून गाडी उचलावी, उचलेल तशी खाली लाकडे सरकवत जावे आणि एकीकडे १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस किती वेळ दबलेला होता ते डॉक्टरांना सांगावे. वरून जखम दिसली नाही तरी दवाखान्यात न्यावेच, कारण चेंगरलेल्या मांसाचा विकार मागाहून मूत्रपिंडांवर जातो.

राहिली जॅकची निगा. तो उभा ठेवावा, आडवा ठेवल्यास तेल गळते. तेल कमी झाले तर जॅकचेच तेल घालावे. ब्रेकचे तेल घातले तर आतले रबर फुगून खराब होते. वर्षातून एकदा, हंगामाचा ट्रॅक्टर बाहेर काढण्याआधी, जॅकवर भार देऊन तासभर तसाच ठेवावा आणि पट्टीने मोजावे. तासाभरात तो बोटभर जरी बसला, तरी वॉशर बदलून घेतल्याशिवाय वापरू नये.