एकशे दहा काटक्यांची साक्ष

काँगोचा इतिहास शिकवताना मी पूर्वी पुस्तकाच्या क्रमाने जात असे. १८८४-८५ ची बर्लिन परिषद, बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड, त्याच्या खाजगी मालकीचे 'काँगो मुक्त राज्य' (यात मुक्त कोण होते, हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको), रबर, आणि शेवटी गोऱ्या सज्जनांनी उठवलेला आवाज. आता मी लोंटुलूपासून सुरुवात करतो.

लोंटुलू हा बोलिमाचा प्रमुख. जगभर बोभाटा झाल्यावर लिओपोल्डला स्वतःच तीन न्यायाधीशांचे चौकशी मंडळ नेमावे लागले. १९०४ च्या अखेरीस ते काँगोत फिरत असताना हा माणूस त्यांच्यापुढे एकशे दहा काटक्या घेऊन उभा राहिला. रबरापायी मारल्या गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक काटकी. त्याने त्यांचे चार ढीग केले. मानकरी, पुरुष, बायका, मुले. मग एकेक काटकी घेऊन तो मेलेल्याचे नाव सांगत गेला.

या मरणांमागे एक हिशेब होता. गावाने ठरल्या वजनाचे रबर द्यायचे. पुरुष जंगलात जावेत म्हणून बायका ओलीस धरायच्या. वजन कमी भरले की शिपाई गोळ्या घालत. काडतूस वाया गेले नाही याचा पुरावा म्हणून मेलेल्याचा उजवा हात वरिष्ठांना दाखवावा लागे. शिपायाने काडतूस शिकारीवर खर्चले, तर जिवंत माणसाचा हात तोडून हिशेब जुळवला जाई. रानटी कोणाला म्हणायचे, ते वाचकांनीच ठरवावे.

हे आधी कोणी सांगितले नव्हते असे नाही. जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स या काळ्या अमेरिकन इतिहासकाराने १८९० मध्येच लिओपोल्डला खुले पत्र लिहिले होते. विल्यम शेपर्ड या काळ्या मिशनऱ्याने १८९९ मध्ये धुरावर वाळत घातलेले ८१ हात स्वतः मोजले. पण सरकारे हलली ती ब्रिटिश कॉन्सल रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ मध्ये आल्यावर. तो माणूस प्रामाणिक होता, हे मान्यच केले पाहिजे. मात्र त्याच्याशी बोललेल्या काँगोलींची नावे परराष्ट्र खात्याने छापताना काढून टाकली आणि त्या जागी नुसती अक्षरे घातली. केसमेंट संतापला, उपयोग झाला नाही.

चौकशी मंडळाने सुमारे ३७० साक्षी नोंदवल्या. १९०५ च्या अहवालात अत्याचार मान्य केले गेले, म्हणून सत्य बाहेर आले असे काही अभ्यासक म्हणतात. मला हे पटत नाही. बाहेर आला तो न्यायाधीशांचा निष्कर्ष. साक्षींचा एक शब्दही अहवालासोबत छापला गेला नाही. आपल्यावतीने दुसऱ्याने हळहळणे आणि आपण स्वतः बोलणे यांतले अंतर दलित साहित्याच्या वाचकाला समजावून द्यावे लागत नाही.

१९०८ मध्ये काँगो बेल्जियमच्या सरकारकडे गेला. त्याआधी लिओपोल्डने आपल्या काँगो कारभाराचे दप्तर जाळून टाकले. आठ दिवस भट्ट्या पेटत होत्या. या साक्षी त्यातून वाचल्या, पण ब्रुसेल्सच्या सरकारी दप्तरखान्यात कुलपाआड राहिल्या. अभ्यासकांना त्या वाचायला मिळाल्या १९८० नंतरच्या दशकात. तोवर लोंटुलूच्या पिढीतले कोणी हयात असण्याचा प्रश्नच नव्हता.