ढगाआडचा डोंगर

पावसाळ्यात लोणावळ्याला जायचे, चिंब भिजायचे, गरम भजी खायची आणि चिक्कीचे पुडे घेऊन परतायचे, हा आपला शिरस्ता. डोक्यावरचा ढग नेमका तिथेच का थांबतो, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. उडायला शिकणाऱ्याला मात्र तो टाळता येत नाही.

अरबी समुद्रावरून आलेला दमट वारा कोकण ओलांडून सह्याद्रीला अडतो आणि वर चढू लागतो. चढणारी हवा, ढग धरेपर्यंत, दर हजार मीटरला सुमारे १० अंशांनी थंडावते. मग तिच्यातल्या वाफेचे ढग होतात. म्हणून लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, तर ६५ किलोमीटरवरच्या पुण्यात जेमतेम ७०० ते ८००.

पावसाळा सरला की कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग शिकणारी मुले हाच वारा वाचायला शिकतात. उताराला समोरून भिडणारा वारा पंखाला उचलून धरतो. डोंगरापाठचा भोवरे करून खाली दाबतो.

हा डोंगर थोरामोठ्यांनाही चकवतो. जुलै १९६२ मध्ये मुंबईला उतरू पाहणारे अलितालियाचे जेट विमान याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरजवळ डोंगरावर आदळले. आत ९४ माणसे होती. एकही वाचले नाही. मध्यरात्रीचा अंधार होता, आणि मुंबई जवळ आली या चुकीच्या हिशेबाने विमान वेळेआधीच खाली आणले गेले होते.

वारा बरा नसेल त्या दिवशी पंख घडी करून मुकाट्याने टेकडी उतरणे, हीदेखील उडण्याचीच विद्या आहे.