हप्ता, घाट आणि युनिट

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एक टन बीड वितळवायला इंडक्शन भट्टी साधारण 600 युनिट वीज खाते. इथल्या फाऊंड्रीवाल्याला हा आकडा तोंडपाठ असतो, कारण महिन्याचं हेस्कॉमचं वीजबिल त्यावरच उभं राहतं. कोळसा आणि कोकच्या भट्ट्यांची जागा विजेनं घेतली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण त्याच फाऊंड्रीच्या फाटकातून कास्टिंग भरून निघणारी गाडी मात्र अजून डिझेलवर चालते. ती विजेवर चालेल का, हा प्रश्न उद्यमबागेत विचारला की पहिलं उत्तर येतं, "एवढी वीज कुठून आणणार?"

हिशेब करून बघू. 55 टनी ट्रेलर ओढणारे विजेचे पुलर भारतात आज तयार होतात. मुरुगप्पा समूहाच्या मॉन्ट्रा कंपनीचा ऱ्हायनो त्यांतला एक. त्याची बॅटरी 282 युनिटांची आणि एका चार्जिंगवर तो दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर जातो. म्हणजे किलोमीटरला दीड युनिटाच्या आसपास. बेळगाव ते कोल्हापूर अंतर सुमारे 110 किलोमीटर. या फेरीला लागणारी वीज 160-165 युनिट, म्हणजे पाव टनाहून थोडं अधिक बीड वितळेल एवढी. दिवसभरात कित्येक टन धातू ओतणाऱ्या गावाला एवढ्या विजेचं भय वाटायचं कारण नाही. अडचण आहे, पण ती वेगळ्याच जागी आहे.

बाहेरच्या बातम्या आधी उरकून घेऊ. टेस्लानं आपला सेमी ट्रक 2017 साली दाखवला आणि पेप्सिकोला पहिल्या गाड्या 2022 च्या डिसेंबरात दिल्या. एवढा उशीर होऊनही जगभर चर्चा त्याच गाडीची झाली. खरं काम झालं ते चीनमध्ये. तिथं बंदरं, खाणी, पोलाद कारखाने अशा ठरलेल्या वाटांवर विजेचे ट्रक शिरले, रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवायची केंद्रं उभी राहिली, आणि 2025 च्या पहिल्या सहामाहीत नव्या अवजड ट्रकांपैकी साधारण पाचातला एक विजेवरचा होता. आपल्याकडे अशोक लेलँडनं 55 टनी विजेचा पुलर आणला, टाटांनी प्रायमाची विजेवरची आवृत्ती दाखवली. चाकणच्या ब्लू एनर्जी मोटर्सनं 2025 मध्ये बॅटरी बदलता येणारा अवजड ट्रक रस्त्यावर आणला आणि सुरुवातीला मुंबई-पुणे हाच टप्पा धरला. छोटा टप्पा, ठरलेली वाट, भरपूर माल. चीनमध्ये जे जमलं त्याचाच हा धडा.

आता गाडीमालकाच्या वहीत शिरू. 55 टनी डिझेल गाडी लिटरला अडीच-तीन किलोमीटरचं ॲव्हरेज देते. डिझेल नव्वद रुपयांच्या घरात धरलं तर किलोमीटरला तेहतीस रुपये नुसत्या तेलाचे. वीज दहा रुपये युनिट धरू, चार्जिंगमधली गळती धरू, तरी किलोमीटरला सोळा रुपयांवर खर्च जात नाही. वाचले सतरा. ऐकायला झकास. पण विजेची गाडी हिशेबापुरती 80 लाखांनी महाग आहे असं धरा. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत अशा ट्रकला जास्तीत जास्त 9.6 लाख रुपये मिळतात, तेही जुना ट्रक भंगारात काढल्याचं प्रमाणपत्र दाखवल्यावर. उरले सत्तर लाख. पाच वर्षांच्या कर्जावर त्याचा जादा हप्ता महिन्याला दीड लाखाच्या आसपास बसतो.

महिन्याला गाडी 8000 किलोमीटर पळाली तर डिझेलची बचत 1 लाख 36 हजार होते, म्हणजे हप्ताही सुटत नाही. 10,000 पळाली तर बचत 1 लाख 70 हजार. मग हप्ता फिटून वर वीस हजार शिल्लक राहतात. या धंद्याचं सगळं मर्म या दोन आकड्यांच्या मधल्या दोन हजार किलोमीटरमध्ये आहे. रेंज दोनशेची आहे की चारशेची, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. गाडी दिवसातून किती तास उभी असते, याची विचारपूस मात्र फारशी कोणी करत नाही.

उद्यमबागेत ही उभी गाडी बघायला लांब जावं लागत नाही. सकाळी लागलेली गाडी दुपारी भरते. कास्टिंग थंड व्हायचंय, शॉटब्लास्टिंग व्हायचंय, इन्स्पेक्शनचा शिक्का बसायचाय, मग ई-वे बिल. ड्रायव्हर ट्रेलरच्या सावलीत चटई टाकून पडलेला, क्लीनर दोऱ्या आवळण्याची वाट बघतोय. पलीकडे कोल्हापूरला किंवा चाकणला पोचलं की तिथल्या फाटकावर पुन्हा रांग. दिवसाला बेळगाव-कोल्हापूर जाऊन-येऊन दोन फेऱ्या, म्हणजे 440 किलोमीटर, कागदावर सहज होतात. प्रत्यक्षात दुसरी फेरी फाटकावरच मरते. डिझेलची गाडी ही वाट बघणं कशीबशी सोसते, कारण तिचा हप्ता लहान असतो. कोटभराच्या गाडीला ते परवडत नाही. म्हणून माझं मत असं की विजेचा ट्रेलर उद्यमबागेत येईल की नाही, हे बॅटरीवाला ठरवणार नाही. ते माल देणारा आणि घेणारा ठरवतील. अमुक वाजता भरून मिळेल, अमुक वाजता रिकामी होईल, परतीला पिग आयर्न नाहीतर भंगार नक्की मिळेल, एवढी लेखी हमी असेल तर बँकही कर्ज देईल. आज परतीचं भाडं ब्रोकरच्या फोनवर ठरतं. त्या फोनच्या भरवशावर दीड लाखाचा जादा हप्ता कोण अंगावर घेईल?

वजनाचाही मुद्दा आहे. पावणेतीनशे युनिटांची बॅटरी दोन टनांच्या घरात भरते. 2018 मध्ये मोठ्या ट्रेलरची एकूण वजनमर्यादा 49 वरून 55 टन झाली, तेव्हा गाडीमालकांना सहा टनांचा माल वाढून मिळाला होता. त्यातले दोन बॅटरी गिळणार. तंबाखू किंवा पॅकिंगचा माल असेल तर फिकीर नाही, तिथं गाडी आधी जागेनं भरते. कास्टिंगचं उलट असतं. पाटा अर्धा रिकामा दिसतो आणि काटा मात्र मर्यादेला टेकलेला असतो. उद्यमबागेचा माल या बाबतीत विजेच्या गाडीला सगळ्यात कमी मानवणारा आहे.

याउलट रस्त्याची घडण मात्र तिला साजेशी आहे. बेळगावहून काकती सोडलं की वंटमुरीचा घाट, पुढे यमकनमर्डी, हत्तरगी, संकेश्वर, मग तवंदीचा घाट उतरला की निपाणी, आणि कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की महाराष्ट्र. 55 टनांची गाडी शंभर मीटर उंच चढवायला पंधरा युनिट वीज लागते. हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे, त्यात घासाघीस नाही. डिझेलच्या गाडीत चढताना जाळलेलं तेल उतरताना परत येत नाही, उलट उतारावर ब्रेक तापतात. आणि डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची जी खोड आहे, तिनं या घाटांत किती ट्रेलर पलटी केले ते रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्यांना विचारा. विजेच्या गाडीत उतारावर मोटरच जनित्र होते, वेग आवरते आणि चढाला गेलेल्या विजेतला बराच भाग बॅटरीत परत टाकते. न्यूट्रल मारण्यात काही मिळकतच उरत नाही. ड्रायव्हरला उपदेश न करता सुटलेली ही एक सवय असेल.

या भागात आणखी एक वाट अशी आहे की तिचा विचार व्हायलाच हवा. बेळगावच्या हिंदाल्को कारखान्याला वर्षानुवर्षं कोल्हापूर जिल्ह्यातल्या सह्याद्रीच्या सड्यांवरून बॉक्साइट येत आलं आहे. राधानगरीतली दुर्गमानवाडची खाण त्यासाठी ओळखली जाते. म्हणजे गाडी वर जाते रिकामी आणि खाली येते भरलेली. स्वित्झर्लंडमध्ये बील गावाजवळच्या सिमेंट कारखान्याच्या खाणीत 600 युनिटांची बॅटरी बसवलेला एक डंपर असाच चालतो. वरून 65 टन दगड घेऊन उतरताना तो जेवढी वीज साठवतो, ती रिकामं वर चढायला जवळजवळ पुरते. आपल्याकडे हे गणित जसंच्या तसं बसणार नाही, कारण सड्यावरून उतरलेली गाडी बेळगावच्या पठारावर येताना पुन्हा चढते. पण ठरलेली खाण, ठरलेला कारखाना, बारमाही नसला तरी बांधलेला माल, आणि ब्रोकर मध्ये नाही. पहिली दहा गाड्यांची तुकडी कुठं उतरवावी असं मला विचारलं तर मी महामार्गाच्या आधी या वाटेकडे बोट दाखवीन.

चार्जिंगचं काय? तासाभरात ट्रेलरची बॅटरी बरीचशी भरायची तर 240 किलोवॅटचा चार्जर हवा. दोन गाड्या एकदम लागल्या की पाचशे किलोवॅट, म्हणजे एका मध्यम भट्टीएवढा भार. त्यासाठी उच्चदाबाची जोडणी, ट्रान्सफॉर्मर आणि डिमांड चार्ज. ढाब्यावाल्याला यातलं काहीच झेपणार नाही, पण फाऊंड्रीवाल्याला हे सगळं पाठ आहे. त्याच्याकडे मंजूर भार असतो आणि भट्टी बंद असते तेव्हाही त्याचा डिमांड चार्ज चुकत नाही. चार्जिंगची सेवा द्यायला वीज विक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं 2018 मध्येच स्पष्ट केलं आहे. कास्टिंग भरेपर्यंत गाडी तीन तास उभी राहणारच असेल, तर त्याच धक्क्यावर ती चार्जिंगला लावावी. फाटकावरचा वाया जाणारा वेळ मग थोडा तरी कारणी लागेल. चार कारखान्यांनी मिळून हे करायला हवं. एकट्यानं करायचं म्हटलं तर चार्जरच भट्टीसारखा रिकामा बसून पैसे खाईल.

सीमाभागाला आणखी एक सवय लागलेली आहे. डिझेलचा दर कोगनोळीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा. टाकी कुठं भरायची हे ड्रायव्हर गाडी सुटण्याआधीच ठरवतो. 2017 ला जीएसटी आला, विक्रीकराचे नाके उठले, पण इंधनावरचा कर राज्यांकडेच राहिला. विजेचंही तेच होणार. अलीकडे हेस्कॉम, पलीकडे महावितरण, दोघांचे दर आणि वेळा वेगळ्या. एक फायदा मात्र आधीच हातात आहे. विजेवरच्या मालवाहू गाड्यांना 2018 पासून परमिटाची अट नाही. दोन राज्यांत रोज ये-जा करणाऱ्याला याची किंमत कळेल.

सगळ्यात नाजूक जागा आहे छोट्या मालकाची. निपाणी-संकेश्वर पट्ट्यात एक-दोन गाड्यांचा मालक, बऱ्याचदा स्वतःच ड्रायव्हर, हाच धंद्याचा कणा. तो नवी गाडी घेत नाही. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यानं पाच-सात वर्षं वापरलेली घेतो, गॅरेजमध्ये बोअर-पिस्टन करून आणखी दहा वर्षं चालवतो. जुन्या विजेच्या ट्रकचा बाजार अजून तयारच झालेला नाही. पीएम ई-ड्राइव्हमध्ये बॅटरीची हमी पाच वर्षं किंवा पाच लाख किलोमीटर मागितली आहे. त्यानंतरच्या गाडीला काय भाव यायचा, ते आज कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे पहिली पाच-दहा वर्षं हा खेळ मोठ्यांचाच राहील. गाड्यांचे ताफे ठेवणाऱ्या कंपन्या चांगल्या वाटा उचलतील आणि लहान मालकाकडे वेडीवाकडी भाडी उरतील. अनुदान आखणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही. जुनी गाडी भंगारात काढून कोटभराचं कर्ज घे, असं त्याला सांगणं ही थट्टाच झाली.

आणि उद्यमबागेचं स्वतःचं काय? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले आणि 1910 मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला नेला. ते गेले, पण ओतकामाचा आणि लेथचा हात गावात राहिला. त्या हातानं पुढे जे घडवलं त्यातला फार मोठा वाटा इंजिनाचा. क्रँकशाफ्ट, सिलिंडर हेड, फ्लायव्हील, क्लच हाऊसिंग. विजेच्या ट्रकमध्ये यांतला एकही भाग नसतो. मोटरचं कवच बहुधा ॲल्युमिनियमचं असतं आणि ते बीडाच्या फाऊंड्रीत होत नाही. ॲक्सलची हाऊसिंग, हब, स्प्रिंगचे ब्रॅकेट, ट्रेलर जोडायचा फिफ्थ व्हील, एवढं राहतं, आणि बॅटरीच्या वजनानं यांतले काही भाग जाडच होतील. ब्रेक ड्रमही राहील, पण उतारावर मोटरच गाडी आवरत असल्यानं तो झिजणार कमी आणि बदलला जाणार उशिरा. सुट्या भागांच्या दुकानात ब्रेक ड्रम हा नेहमीचा खपाचा माल. तो ओतणाऱ्यांनी नव्या पॅटर्नचे पैसे हबमध्ये घालायचे की ॲक्सल हाऊसिंगमध्ये, हे आतापासूनच बघायला हवं. पॅटर्न, मशिनिंग आणि ग्राहकाची मंजुरी मिळून दोन वर्षं सहज जातात.