विश्लेषण : जपानी विज्ञानकथेला घर देणारा संपादक आपल्याच लेखकांना नकोसा का झाला?

जपानमध्ये 1950च्या दशकात प्रकाशकांत एक समज पक्का होता : विज्ञानकथेला हात लावला की प्रकाशन संस्था बुडते. तो खोटा ठरवण्यात मोठा वाटा मासामी फुकुशिमा यांचा. (फुकुशिमा म्हटले की आपल्याला अणुदुर्घटना आठवते, इथे ते केवळ आडनाव आहे.)

मासामी फुकुशिमा कोण?

जन्म 1929चा, त्या वेळी जपानकडे असलेल्या दक्षिण साखालिनमधला. तोक्योतील ‘हायाकावा शोबो’ या संस्थेत ते संपादक होते. 1957 मध्ये तिथे विज्ञानकथांची पुस्तकमाला सुरू झाली. तिचे पहिले पुस्तक, जॅक फिनी यांचे ‘द बॉडी स्नॅचर्स’, फुकुशिमा यांनीच अनुवादित केले. 1959च्या अखेरीस ‘एसएफ मॅगझिन’ निघाले, तेव्हा संपादक फुकुशिमा जेमतेम 30 वर्षांचे होते. अमेरिकी मासिकाशी करार करून निघालेल्या या मासिकात सुरुवातीला भर अनुवादांवर होता. जपानी लेखकच मोजके होते, तर छापणार काय?

मग लेखक आले कुठून?

ते घडवावे लागले. संस्थेने 1961 मध्ये चित्रपट कंपनी ‘तोहो’सह कथास्पर्धा घेतली. पुढे ‘जपान सिंक्स’ लिहिणारे साक्यो कोमात्सु त्यातून नावारूपाला आले. 1963 मध्ये जपानी विज्ञानकथा लेखकांची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत फुकुशिमा होते. त्याच वर्षी ‘गॉडझिला’चे दिग्दर्शक इशिरो होंडा यांचा ‘मातांगो’ आला. त्याच्या कथेवर शिनिची होशी यांच्यासह फुकुशिमा यांचे नाव आहे.

अनुवाद तर सुरूच होते. क्लार्क यांचे ‘चाइल्डहूड्स एंड’, असिमोव्ह यांचे ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’, हाइनलाइन यांचे ‘द डोअर इनटू समर’. यातले शेवटचे जपानी वाचकांनी इतके आपलेसे केले की 2021 मध्ये त्यावर जपानी चित्रपट निघाला. मूळ लेखकाच्या देशाला जे सुचले नाही ते अनुवादाच्या देशाने केले!

वाद कशाचा?

विज्ञानकथा हे पोरांचे वाचन नाही, मोठ्यांचे साहित्य आहे, हे फुकुशिमा यांचे समीक्षक म्हणून आग्रहाचे म्हणणे. तोच निकष त्यांनी आपल्या माणसांनाही लावला. फेब्रुवारी 1969च्या अंकात नावे झाकलेल्या समीक्षकांची एक चर्चा छापली गेली. तिच्यात नामवंत जपानी विज्ञानकथाकारांचे, म्हणजे मासिकाच्या स्वतःच्याच लेखकांचे, जाहीर वाभाडे काढलेले होते. चर्चेत खुद्द संपादकही बुरख्याआड होते. लेखक खवळले आणि त्याच वर्षी फुकुशिमा ‘हायाकावा’तून बाहेर पडले.

टीका कडक होती यापेक्षा ती निनावी होती, हे अधिक झोंबले असावे. ज्याच्या हातात कथा स्वीकारण्या-नाकारण्याचा अधिकार, त्याने तरी नाव लपवायला नको होते. मात्र स्तुतीवर वाढलेल्या छोट्या वर्तुळात स्पष्ट समीक्षा कुणीतरी करायलाच हवी होती, हेही खरेच.

पुढे काय झाले?

फुकुशिमा यांनी अनुवाद, समीक्षा आणि मुलांसाठी विज्ञानकथा लिहिणे चालू ठेवले. काही वर्षांनी त्याच ‘एसएफ मॅगझिन’मध्ये त्यांच्या आठवणींची लेखमाला सुरू झाली. ती अर्धवट असतानाच, 1976 मध्ये, वयाच्या 47व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘मितो नो जिदाई’, म्हणजे ‘कुणाचे पाऊल न पडलेला काळ’, या नावाने ते अपुरे लेखन पुढच्या वर्षी पुस्तकरूपात आले.