चमच्यांवरची नावे

रोमन काळातील चांदीच्या चमच्यांत ‘कोक्लेआर’ हा प्रकार सर्वांत प्रचलित होता. जेवताना काटा वापरण्याची पद्धत नव्हती, म्हणून त्याच्या लांब दांड्याचे टोक अणकुचीदार ठेवत. शिंपल्यातला किंवा गोगलगायीचा गर त्या टोकाने काढायचा, पातळ पदार्थ दुसऱ्या बाजूने खायचा. काही आखूड चमच्यांचा दांडा मात्र हंसाच्या मानेसारखा मागे वळून चोचीत संपतो.

असे चमचे मोठ्या संख्येने मिळाले ते पूर्व इंग्लंडमध्ये. सफोक परगण्यातील हॉक्सन गावी 1992 साली एक माणूस शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा मेटल डिटेक्टरने शोधत होता. हाती लागला तो सोन्याचांदीचा ठेवा: सुमारे 15,000 नाणी, दागिने, आणि चमचे व पळ्या मिळून 98 नग. सर्वांत अलीकडची नाणी इ.स. 407-408ची आहेत, म्हणजे ब्रिटनवरची रोमन सत्ता मोडकळीला आली त्या धामधुमीतली किंवा त्यानंतरची ही पुरणी. हातोडाही सापडला आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये पोचला. या ठेव्यातील दहा चमच्यांवर ‘आउरेलिउस उर्सिकिनुस’ हे एकच नाव आहे. आपल्याकडे भांड्यांवर नावे घालतात तशातलाच हा प्रकार. पण ठेवा पुरणारा तोच होता, असे यावरून ठरत नाही. चमचे वारशाने किंवा भेटीदाखलही हात बदलत.

नावापुढे पुष्कळदा ‘विवास’, म्हणजे ‘तू जगावेस’, ही शुभेच्छा असते. 1942 साली मिल्डनहॉल येथे नांगरटीत सापडलेल्या ठेव्यात आठ चमचे होते. दोन चमच्यांवर ‘पास्केंतिया विवास’ आणि ‘पापिट्टेडो विवास’ असे कोरले आहे, तर तीन चमच्यांवर ख्रिस्ताच्या नावाचे अक्षरचिन्ह. त्यामुळे हे चमचे बाप्तिस्म्याच्या भेटी असावेत, असा तर्क झाला. तो घाईचा होता. 1979 साली नॉरफोकमधील थेटफर्डला 33 चमचे मिळाले. त्यांतील अनेकांवर फाउनुस या रानाच्या आणि कळपांच्या जुन्या इटालियन देवाचे नाव आहे, काही ठिकाणी तर स्थानिक केल्टिक विशेषणासह. त्याच संचात माणसांच्या नावांपुढे हेच ‘विवास’ येते. म्हणजे ही शुभेच्छा कोणा एका धर्माची नव्हती. धर्म ठरवायचा तर शेजारच्या चिन्हाकडे किंवा देवाच्या नावाकडेच पाहावे लागते.

चिन्हावरूनही फसगत होऊ शकते. सफोकमधीलच सटन हू येथे 1939 साली उघडलेल्या जहाजातील दफनात दोन बायझंटाइन चमचे निघाले. हे दफन सातव्या शतकातले, रोमन ठेव्यांहून बरेच नंतरचे. दोन्ही चमच्यांवर क्रूस आणि ग्रीक लिपीतील नावे आहेत. एकावरचे ‘पाउलोस’ स्वच्छ आहे, दुसरे ‘साउलोस’ असे वाचले जाते. सौलाचा पौल झाला ती बायबलमधली कथा आठवून हे धर्मांतरितासाठी केलेले दान मानले गेले. मात्र अनेक अभ्यासकांच्या मते दुसऱ्या चमच्यावरही ‘पाउलोस’च लिहायचे होते, कोरणाऱ्याचे पहिले अक्षर चुकले.