कामगंध सापळ्यांच्या नोंदी आणि तारखांची अदलाबदल

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावून त्यांत अडकलेले नर पतंग दररोज मोजले जातात. सलग तीन रात्री प्रतिसापळा ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानले जाते. या निकषात संख्येइतकेच महत्त्व ‘सलग’ या शब्दाला आहे आणि सलगता ठरते ती तारखेवरून.

अनेक गावांच्या नोंदी एकत्र करताना आपण मॅक्रोचा आधार घेतो. एकेक रकाना भरण्यापेक्षा सर्व नोंदी ॲरेमध्ये साठवून एकदम एक्सेलच्या पत्रकावर उतरवणे पुष्कळ जलद होते. मात्र तारखा मजकुराच्या स्वरूपात असतील, तर नेमका येथेच घात होतो.

उदाहरणार्थ, ६, ७ आणि ८ ऑगस्ट २०२३ या रात्री प्रतिसापळा ९, ११ आणि ८ पतंग मिळाले असे समजू. नोंदीत ०६/०८/२०२३, ०७/०८/२०२३ आणि ०८/०८/२०२३ असे लिहिले आहे. पत्रकावर मात्र ८ जून, ८ जुलै आणि ८ ऑगस्ट अशा तारखा उमटतात. एकाच आठवड्यातील तीन रात्री तीन महिन्यांत विखुरल्या. निकष पूर्ण होऊनही इशारा निघाला नाही. पतंग तेच, आकडे तेच. हुकली ती फवारणीची वेळ. एकदा अळी बोंडात शिरली की तिच्यापर्यंत कीटकनाशक पोहोचवणे अवघड असते, हे वेगळे सांगावयास नको.

याचे कारण असे, की एक्सेल तारीख अनुक्रमांकाच्या रूपात साठवते. १ जानेवारी १९०० हा दिवस १ मानला, तर ६ ऑगस्ट २०२३ चा क्रमांक ४५१४४ येतो. मॅक्रोने मजकूर लिहिला, की त्याचे क्रमांकात रूपांतर करताना अमेरिकी पद्धतीनुसार महिना आधी वाचला जातो. संगणकावर भारतीय मांडणी निवडलेली असली तरीही. १३ तारखेपासून पुढे महिना म्हणून वाचता येत नाही, म्हणून त्या नोंदी बरोबर उतरतात किंवा मजकूर म्हणूनच राहतात. चूक दाखवणारा कोणताही संदेश येत नाही.

एका हंगामात माझ्याही पत्रकात असे घडले होते. आलेखात फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत पतंग दिसू लागले, तेव्हा शंका आली. नीट पाहता, ऑगस्टच्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी प्रत्येक महिन्याच्या ८ तारखेवर जाऊन बसल्या होत्या. हीच या दोषाची खूण आहे. जुलैच्या नोंदी अशाच प्रकारे प्रत्येक महिन्याच्या ७ तारखेवर जातात.

हा दोष टाळण्यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. मूळ मजकुरातून दिवस, महिना आणि वर्ष वेगळे करून ‘डेटसिरियल’ या फलनाने खरी तारीख तयार करावी. या फलनाला वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने माहिती द्यावी.

२. ॲरे ‘स्ट्रिंग’ प्रकाराचा न ठेवता ‘व्हेरिएंट’ प्रकाराचा ठेवावा. अन्यथा तयार केलेली तारीख पुन्हा मजकूर बनते.

३. पत्रकावर लिहिण्यापूर्वी ‘फॉरमॅट’ हे फलन वापरू नये, कारण त्यातून मजकूरच बाहेर पडतो. तारखेचे दृश्य रूप रकान्याच्या ‘नंबर फॉरमॅट’ने ठरवावे. त्याने केवळ रूप बदलते. चुकलेली तारीख सुधारत नाही.

४. नोंद घेतानाच महिना अक्षरांत लिहावा. ‘६ ऑगस्ट २०२३’ असे लिहिल्यास वाचणाऱ्याच्या मनात संदिग्धता उरत नाही.

५. पेरणीपूर्वीची आणि आजच्या पुढची तारीख मॅक्रोनेच लाल रंगात दाखवावी, अशी तजवीज करावी.

बिघडलेले पत्रक दुरुस्त करताना सर्व तारखांचे दिवस व महिने सरसकट उलटवू नयेत. काही नोंदी हाताने भरलेल्या आणि मुळातच बरोबर असू शकतात. सापळ्याच्या मूळ नोंदवहीशी प्रत्येक नोंद पडताळावी. त्यासाठी ती वही हंगाम संपल्यानंतरही जपून ठेवावी. येत्या हंगामात मॅक्रो वापरण्यापूर्वी १ ते १३ ऑगस्टच्या तेरा नोंदी भरून चाचणी घ्यावी. तेराही तारखा ओळीने ऑगस्टमध्येच उमटल्या आणि मजकूर म्हणून न राहता खऱ्या तारखा म्हणून नोंदल्या गेल्या, तरच ते पत्रक सल्ला देण्यास योग्य समजावे.